गुलाबी अठ्ठावीस

"रविवारी पाचच्या आत आपलं गाणं रेकॉर्डवर गेलेलं असेल. लिहून ठेवा!" मर्व्ह पास्कोने बिअरचा ग्लास टेबलावर आपटून जाहीर केलं.

कुणीही लिहून ठेवलं नाही. मर्व्हची भाकितं लिहून ठेवायचं पोर्ट केम्बलाच्या लोकांनी मनावर घेतलं असतं, तर गावात कागद शिल्लक राहिला नसता. कोल जेट्टी हॉटेलच्या याच टेबलावर त्याने एकदा सांगितलं होतं, की वर्षभरात आपण पोलादाच्या कारखान्याला रामराम ठोकणार! त्याला अकरा वर्षं झाली. अजूनही रोज सकाळी डबा घेऊन हा गडी तारेच्या खात्यात हजर असतो, आणि वर मुकादमालाच विचारतो, "काय रे, लवकर आलास आज?"

पण यावेळी त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला उगीच बदनाम करतोय.

मर्व्हच्या बँडचं नाव फ्लॅट बॅटरीज. आधी ते कॉपर किंग्ज होतं. पण त्यांची व्हॅन कुठल्याही पबबाहेर ढकलल्याशिवाय कधी सुरूच झाली नाही. कार्यक्रम संपला की श्रोतेच बाहेर येऊन धक्का मारायचे. लोक विचारायचे, "ते बॅटरी बसलेले कधी येणार आहेत परत?" शेवटी लाज सोडून त्यांनी तेच नाव लावलं. मर्व्ह गायचा. ड्रमवर दुश्को, मॅसेडोनियातून लहानपणी आलेला, कारखान्यात मर्व्हच्याच पाळीला. गिटारवर लॉरी टिबेट, बोटं सोन्याची, डोकं मात्र भाड्याने दिलेलं. आणि केन बेस वाजवायचा. केन बोलायचा नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मर्व्हचा आवाज कसा होता? मोठा होता. गोड म्हणायचं धाडस त्याच्या आईनेही कधी केलं नाही. पण एक पाय बिअरच्या खोक्यावर ठेवून, मान मागे टाकून तो सुरू झाला, की चार पेग झालेला माणूससुद्धा बोलायचा थांबायचा. आणि सगळी गाणी दणक्याची असली, तरी एक गाणं त्याने संथ केलं होतं. ते नोरीनवर होतं.

नोरीन त्याची बायको. लग्नाच्या वेळी मर्व्हच्या खिशात फारसं काही नव्हतं, तेव्हा अंगठी बेताचीच आली. ती बोटात घालताना मर्व्ह हळूच म्हणाला होता, "ही राहू दे. मी तुझं नाव रेकॉर्डवर आणीन." नोरीन तेव्हा हसली होती आणि नंतर विसरूनही गेली होती. मर्व्ह विसरला नव्हता. पबमध्ये कितीही बढाया मारल्या, तरी ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नाही. यावरून ओळखा, ती त्याच्या किती जिव्हाळ्याची होती ते.

तर झालं असं, की सिडनीहून क्लाइव्ह ऑटवे नावाच्या माणसाचा फोन आला. त्याची छोटीशी रेकॉर्ड कंपनी होती. किनाऱ्यावरच्या पबमध्ये वाजवणाऱ्या बँडची एक रेकॉर्ड त्याला काढायची होती. प्रत्येकाचं एक गाणं, तेही जिवंत, लोकांसमोर गायलेलं.

"रविवारी साडेचारच्या सुमाराला पोचतो," क्लाइव्ह म्हणाला. "वाटेत अजून एक पब आहे. मला फक्त एक गोष्ट हवी. गर्दी! रिकाम्या खुर्च्यांचा आवाज रेकॉर्डवर फार वाईट येतो."

"गर्दीची काळजीच सोडा!" मर्व्ह म्हणाला आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण रविवारी चार वाजता मटणाची सोडत असायची.

पोर्ट केम्बलात लग्न पुढे ढकललं जाईल, बारसं पुढे ढकललं जाईल, कारखान्याचा संपसुद्धा सामोपचाराने पुढे ढकलता येईल. मटणाची सोडत नाही! रविवारी दुपारी सगळं गाव कोल जेट्टीत जमायचं, ते बॅटरीजसाठी नव्हे, मटणाच्या ट्रेसाठी. चॉप्स, सॉसेज आणि मधोमध मांडीचा मोठा तुकडा, कडेने कोथिंबिरीसारखी हिरवी पानं, वर चकचकीत कागद. चारला डब्यातून तिकीट निघायचं. ज्याचं निघालं तो ट्रे घेऊन घरी, बाकीचे नशिबाला शिव्या देत घरी. सव्वाचारला बॅटरीजसमोर उरायचे ते फक्त नोरीन आणि कोपऱ्यात झोपलेला एक निवृत्त खलाशी.

"सोडत पाचला ठेवायची," मर्व्हने दुश्कोला सांगितलं. "ट्रे मिळेपर्यंत कोण हलतोय? गर्दीच गर्दी! काय डोकं आहे की नाही माझं?"

"आहे," दुश्को म्हणाला. "पण ते वाल्डाबाईंसमोर चालत नाही."

वाल्डा स्केल्टन म्हणजे महिला बोल्स क्लबच्या, हिरवळीवर गोळे गडगडवायच्या खेळाच्या क्लबच्या, अध्यक्ष. सोडत त्यांची, डबा त्यांचा, तिकिटांची पुस्तकं त्यांची. क्लबची हिरवळ त्या सोडतीवरच हिरवी राहायची. पांढरा झगा, पांढरी टोपी, पांढरे बूट, आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप शर्टाची बटणं लावायचा. मर्व्ह गेला तेव्हा त्या हिरवळीवर वाकून नेम धरत होत्या.

"वाल्डाबाई, एक विनंती होती."

"सावलीतून बाजूला हो."

मर्व्ह बाजूला झाला. बाईंचा गोळा गडगडत जाऊन नेमका हवा तिथे थांबला. मग त्यांनी वळून त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"चार म्हणजे चार," त्या म्हणाल्या. "युद्ध संपलं त्या रविवारीही चारलाच निघाली होती."

"फक्त एक रविवार, बाई! माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आयुष्याचा? मागच्या महिन्यात माईकची तार उसनी मागायला आलास, तेव्हाही आयुष्याचाच प्रश्न होता."

"यावेळी खरंच आहे हो."

काय दिसलं त्याच्या चेहऱ्यावर कोण जाणे, बाई जरा नरमल्या. "बरं. पण माझ्या अटी आहेत. ट्रे सगळ्यांना दिसेल असा स्टेजवर राहील. उशीर केला म्हणून लोक बोंबलतील, तर ते तुझ्या नावाने. म्हणजे तिकीटही तूच काढायचंस. आणि दर रविवारी थोडी तिकिटं विकायची राहतात. जी उरतील ती कोण घेणार?"

"मी घेतो!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! स्वतःच तिकिटं घ्यायची आणि स्वतःच सोडत काढायची, यात काही चुकतंय हे दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं. पण मर्व्हच्या डोळ्यांसमोर रेकॉर्ड फिरत होती.

रविवारी दुपारी वाल्डाबाईंनी त्याच्या हातात तिकिटांची जुडी ठेवली. निळी, हिरवी, गुलाबी. ती ठेवायची कुठे? मर्व्हची स्टेजवरची विजार इतकी घट्ट होती, की तिच्या खिशात पोस्टाचं तिकीटही मावलं नसतं. त्याने थोडी नोरीनकडे दिली, थोडी लॉरीकडे, थोडी दुश्कोकडे. "सांभाळा जरा," एवढंच म्हणाला, आणि केस विंचरायला गेला. जिंकलात तर गप्प बसा, हे सांगायचं राहिलं. माणूस केस विंचरायला लागला की असल्या गोष्टी राहतात.

ऑस्ट्रेलियातला जानेवारी, म्हणजे ऐन उन्हाळा. छताचे पंखे गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होते. पब तुडुंब! पूल खेळायच्या टेबलावर फळ्या टाकल्या की झालं स्टेज, तशी कोल जेट्टीची पद्धत. वाल्डाबाई ट्रे घेऊन आल्या, सगळीकडे नजर फिरवली, आणि सगळ्यांत उंच जागा बघून तो लॉरीच्या अँप्लिफायरवर ठेवला.

"बाई, त्याच्यावर नको," लॉरी म्हणाला. "तापतं ते."

"मग हळू वाजव," बाई म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

चार वाजले. सगळ्या पबने घड्याळाकडे पाहिलं आणि मग मर्व्हकडे.

"मंडळी! आज खास दिवस आहे! आज सोडत पाच वाजता!"

असा आवाज झाला की काही विचारू नका! एकजण म्हणाला, "पाचला? आमच्याकडे सहाला जेवतात!" दुसरा म्हणाला, "कुणाला विचारून?" कोपऱ्यातला खलाशी जागा झाला आणि युद्ध लागलं का विचारू लागला. मर्व्हने दुश्कोला खूण केली आणि बॅटरीज सुरू झाले.

मर्व्हचं गणित मात्र चुकलं नव्हतं. एक माणूस हलला नाही! प्रत्येक गाण्यानंतर मागून आरोळी यायची, "मटण!" मर्व्ह हात उंचावून म्हणायचा, "धन्यवाद! धन्यवाद!" आणि पुढचं गाणं घ्यायचा. त्याला खरंच वाटायला लागलं होतं, की लोक तल्लीन झालेत.

साडेचारला क्लाइव्ह ऑटवे आला. बारीक, घामाघूम, हातात तारेचं वेटोळं. खिडकीतून तार आत सोडली, दोन माईक टांगले, गर्दी बघून त्याचे डोळे विस्फारले.

"काय लोक आहेत! कुणी जागचं हलत नाहीये!"

"प्रेम आहे लोकांचं," मर्व्ह नम्रपणे म्हणाला.

"मी बाहेर व्हॅनमध्ये बसतो, हेडफोन कानाला लावून. मला आतलं दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. तुम्ही सुरू करा, मी टेप चालूच ठेवतो."

तो बाहेर गेला. मर्व्हने खोका बाजूला सरकवला, कारण या गाण्याला पाय वर ठेवायचा नसतो. दम घेतला. नोरीन बारजवळ उभी होती, कपाळाला थंड ग्लास लावून. मर्व्हने तिच्याकडे पाहिलं. लॉरीने हळुवार पहिली सुरावट छेडली, मर्व्हने तोंड उघडलं, आणि...

फट्!

लॉरीच्या अँप्लिफायरमधून आधी धूर आला, मग वास. खरं सांगतो, वास उत्तम होता. चॉप्सची चरबी तासभर वितळून जाळीतून टपटप आत गळत होती, आणि आता आतल्या दिव्यांवर खरपूस भाजली जात होती. अँप्लिफायरने शेवटचा आचका दिला आणि गिटार मुकं झालं.

"मटण जळतंय!" कुणीतरी किंचाळलं.

सगळा पब उभा राहिला. वाल्डाबाई वयाचा मुलाहिजा न ठेवता पूलच्या टेबलावर चढल्या, टोपी सावरत ट्रे उचलला आणि पोरासारखा कडेवर घेतला.

"आत्ता सोडत काढ," त्या मर्व्हला म्हणाल्या. "या क्षणी!"

"बाई, एकच गाणं! बिनगिटारचं म्हणतो!"

"मटण! मटण! मटण!" सगळा पब ओरडायला लागला.

काय करतो बिचारा? लवकर उरकू आणि मग गाऊ, असा विचार करून त्याने डब्यात हात घातला.

"निळा, त्रेसष्ट!"

"माझा!" बारजवळून नोरीन ओरडली. "अगं बाई! माझा! मला लागला!" जन्मात तिला कधी काही लागलं नव्हतं. ती ग्लास वर धरून नाचत पुढे यायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या.

"ही याचीच बायको ना रे?"

"आणि नंबर काढला कुणी? यानेच!"

"म्हणून सोडत लांबवली होय! लबाड!"

पोर्ट केम्बलात माणसाला काहीही माफ असतं. दारू पिऊन कुंपण तोडलं, माफ. शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र नेऊन परत केलं नाही, माफ. मटणाच्या सोडतीत हेराफेरी केली, तर त्याच्या मयतीलाही कुणी जायचं नाही!

"परत काढतो! परत काढतो!" तो माईकमध्ये म्हणाला.

"परत काय म्हणून?" नोरीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझं तिकीट आहे! हे बघ, त्रेसष्ट!"

"अगं, ते मीच दिलंय ना तुला!"

हे माईकमध्ये बोलायला नको होतं.

"ऐकलंत? स्वतःच कबूल करतोय!" मागून गलका झाला.

"तू दिलंस म्हणून काय झालं? नवऱ्याने दिलेलं बायकोचं नसतं का रे?"

"नोरीन, बस ना गं खाली!" मर्व्ह काकुळतीला येऊन ओरडला, आणि डोळे मिटून परत डब्यात हात घातला. "हिरवा, चौदा!"

मागे लॉरी आपल्या खिशातली तिकिटं उलगडत होता, कारण गिटार बंद पडल्यामुळे त्याला दुसरा उद्योग नव्हता.

"अरे!" लॉरी आनंदाने म्हणाला. "हिरवा चौदा! हा तर माझ्याकडे आहे!"

आता मात्र बिअरच्या ग्लासाखालचे पुठ्ठे उडायला लागले. मर्व्हने डोकं चुकवलं. करायला गेलो एक अन् झालं भलतंच, ते हेच! त्याने तिसऱ्यांदा हात घातला. मनात म्हणाला, देवा, कुणालाही लागू दे, त्या खलाशाला लागू दे, पण आमच्यातल्या कुणाला नको!

"गुलाबी, अठ्ठावीस!"

लोक आपापली तिकिटं बघायला लागले. मर्व्हला जरा हायसं वाटलं. मग त्याने सहज मागे वळून पाहिलं.

दुश्कोच्या हातात गुलाबी कागद होता. दुश्कोने मर्व्हकडे पाहिलं, समोरच्या गर्दीकडे पाहिलं, कागदाची शांतपणे घडी केली, तोंडात टाकली आणि चावायला लागला.

"कुणाचा आहे गुलाबी अठ्ठावीस?" वाल्डाबाई म्हणाल्या. "परत पुकार."

"बाई, नाहीये वाटतं कुणी. दुसरं काढू का?"

"आता परत काढायचं नाव घेतलंस तर याद राख! ज्याचं आहे तो पुढे येईपर्यंत पुकार!"

जे तिकीट दुश्कोच्या पोटाकडे निघालं होतं, ते कोण घेऊन येणार पुढे? पण सांगतो कुणाला!

"गुलाबी अठ्ठावीस..." मर्व्ह म्हणाला.

दुश्को घाबरला की त्याचे हातपाय चालतात. त्याला स्वतःलाही कळत नाही. कागद घशात अडकलेला, डोळ्यांत पाणी, आणि पायाखाली मोठा ड्रम आपोआप धम्, धम् वाजायला लागला. केन हा न बोलणारा माणूस. कुणी ठेका धरला की त्याने बेस द्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने दिला.

"गुलाबी अठ्ठावीस!" मर्व्ह.

"गुलाबी अठ्ठावीस!" लोक पाय आपटत ओरडले.

वाल्डाबाईंनी ट्रे लॉरीच्या हातात दिला आणि मर्व्हच्या तोंडासमोरून माईक ओढून घेतला. त्या माईकवर यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. बोल्सच्या हिरवळीवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हुकूम सोडून कमावलेला आवाज, आणि त्यात राग!

"कुणाकडे आहे? सांगा कुणाकडे आहे?"

"गुलाबी अठ्ठावीस!" सगळा पब.

"लाज नाही वाटत? कुणाला लाज नाही वाटत?"

"गुलाबी अठ्ठावीस!"

"तुझ्या आईला ओळखते मी, मर्व्ह पास्को! चांगली बाई होती!"

"गुलाबी अठ्ठावीस!"

बाई ठेक्यात ओरडत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ड्रम असा पायाखालून यायला लागला की माणूस भांडतानाही ठेका सोडत नाही. किती वेळ चाललं हे? दुश्कोच्या घशाखाली कागद उतरेपर्यंत चाललं. तो उतरला, दुश्कोने ड्रम थांबवला, आणि सगळेच एकदम दमले.

मग बाईंनी निकाल दिला. "ट्रे अर्धा शिजलाच आहे. उरलेला शिजवा आणि सगळ्यांना वाटा." पबचा मालक आत पळाला. थोड्या वेळाने बारवर पावात घातलेली सॉसेज आली, चॉप्सचे तुकडे आले, वर टोमॅटो सॉस. दहा मिनिटांपूर्वी मर्व्हच्या जिवावर उठलेली माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायला लागली, "लबाड आहेस लेका, पण मजा आणलीस!" भरल्या तोंडाने माणूस फार वेळ रागावू शकत नाही.

आणि तेवढ्यात क्लाइव्ह ऑटवे धावत आत आला.

"मिळालं!" तो म्हणाला. "मला हवं होतं तेच मिळालं!"

मर्व्हचा जीव भांड्यात पडला. "पहिली ओळ आली का? मी अजून म्हणायला सुरुवातच करत होतो. आता शांत झालंय, पूर्ण म्हणतो."

"कुठली ओळ? मी त्या शेवटच्या गाण्याबद्दल बोलतोय! ते सवाल-जवाबाचं! काय लिहिलंय! आधी नवरा-बायकोचं भांडण, मग तो ठेका! आणि त्या बाई? कुठे सापडल्या तुम्हाला?"

"ते गाणं नव्हतं हो," मर्व्ह म्हणाला.

"तेच तर! बसवलंय असं वाटतच नाही!"

मर्व्ह आणखी काही बोलणार, तोच दुश्कोने त्याच्या पायावर पाय दिला. "धन्यवाद, साहेब," दुश्को म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून गुलाबी थुंकी उडाली.

"माझं एक संथ गाणं आहे," मर्व्ह तरीही म्हणाला. "छोटं आहे. पाच मिनिटांचं काम."

क्लाइव्हने मागे वळून पाहिलं. सॉसेज संपवून लोक घरी निघाले होते. सगळीकडे खुर्च्या रिकाम्या.

"पुढच्या वेळी," तो प्रेमाने म्हणाला आणि तार गुंडाळायला लागला. मर्व्हने त्याला गुंडाळायला मदत केली. दुसरं काय करणार?

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. रेकॉर्डवर सहा बँड होते, पण रेडिओवाल्यांनी वाजवलं ते एकच. न्यूकॅसलपासून ॲडलेडपर्यंत पबवाले बॅटरीजना बोलवायला लागले. व्हॅनला नवी बॅटरी बसली! बोल्सचा सामना नसेल त्या दिवशी वाल्डाबाई बरोबर जायच्या, पांढऱ्या टोपीत मधोमध उभ्या राहून लोकांना झापायच्या, आणि लोक वेडे व्हायचे. मर्व्ह बाजूला डबा घेऊन उभा. नंबर काढणं त्याच्याकडे. मुख्य गायक म्हणून त्याचं नाव अजूनही पत्रकावर छापतात, पण कुणी विचारलंच, तर तो प्रामाणिकपणे सांगतो की मुख्य गायिका सध्या चहा पितायत.

हे सगळं नंतरचं. रेकॉर्ड पहिल्यांदा घरी आली तो दिवस मात्र वेगळाच गेला. जुलैतली थंड सकाळ, बाहेर समुद्रावरून वारा. मर्व्हने ती पाकिटातून काढलीच नाही. टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसला. शेवटी नोरीननेच ती लावली.

सुई खरखरली. पबचा गलका आला. ग्लासांची किणकिण, "मटण! मटण!" मग नोरीनचं ओरडणं, मग भांडण. आणि मग मर्व्ह पास्कोचा आवाज, अख्ख्या रेकॉर्डवर धड ऐकू येणारं त्याचं एकमेव वाक्य, स्वच्छ आणि खणखणीत: "नोरीन, बस ना गं खाली!"

मर्व्हने कपाळाला हात लावला. नोरीनने सुई उचलली, मागे नेली, परत लावली. "नोरीन, बस ना गं खाली!" आणखी एकदा मागे नेली.

"पुरे ना गं," मर्व्ह म्हणाला. "असं नव्हतं आणायचं मला तुझं नाव. मी अख्खं गाणं केलं होतं तुझ्यावर. लग्नाच्या वेळी म्हणालो होतो मी तुला. तुझ्या लक्षातही नसेल."

रेकॉर्ड फिरत राहिली. मग नोरीन येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"ते संथ गाणं मी किती वर्षं ऐकतेय, मर्व्ह. दर रविवारी, रिकाम्या पबमध्ये, एकटी."

"मग? तेच यायला हवं होतं ना?"

"नाही रे राजा," नोरीन मायेने म्हणाली. "हेच बरं आहे. यात तू सुरात आहेस."